चालती सायकल खोलण्याबद्दल

नमस्कार. गिअर सुधारायचे तर सुटे भाग शोधत बसण्यापेक्षा जुनी अख्खी सायकल घ्या आणि तिचे भाग आपल्या सायकलीवर चढवा, या माझ्या सल्ल्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत: चालती सायकल खोलणं म्हणजे नासाडी, यात पैसे वाचत नाहीत, आणि अशा खरेदीमुळे चोरीच्या सायकलींना गिऱ्हाईक मिळतं. शेवटचा मला सगळ्यांत गंभीर वाटतो, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो.

चोरीचा माल सुट्या भागांच्या रूपात सहज खपतो. नुसता डिरेलर (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) हातात घेऊन तो कुठून आला हे कळत नाही. अख्ख्या सायकलीच्या फ्रेमवर मात्र नंबर असतो, बहुतेक वेळा खाली, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस जिथून जातो त्या नळीच्या, तळाशी कोरलेला. तो पाहायचा, मूळ बिलाशी ताडायचा. बिल खरंच हरवलेले प्रामाणिक लोकही असतात, पण बिलाशिवाय मी घेत नाही. नंबर घासलेला दिसला तर तिथे थांबायचंच नाही.

आता पैसे. नुसती चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावर सरकवून बसवायचा चकत्यांचा संच) झिजली असेल तर तुमचं म्हणणं बरोबर, तेवढंच दुकानातून घ्यावं. पण 7 गिअरच्या आटेवाल्या फ्रीव्हीलवरून (चाकावर आट्यांनी फिरवून बसवायच्या जुन्या पद्धतीच्या चकत्यांवरून) 9 गिअरवर जायचं तर शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), कॅसेट, चेन हे सगळं लागतं, बऱ्याचदा मागचा डिरेलर, शिवाय मागचं चाकही. कारण जुन्या चाकाच्या हबवर (मधल्या तुंब्यावर) कॅसेट बसतच नाही. सायकल बनवणारी कंपनी हे भाग हजारोंनी उचलते. आपण प्रत्येक सुट्या भागामागे आयातदार आणि दुकानदार दोघांचा नफा भरतो. म्हणून हे सगळं सुटं घेतलं, तर बेरीज चांगल्या वापरलेल्या सायकलीच्या वर सहज जाते.

हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये चेनकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे एक्सलचा (चाकाच्या आसाचा) मोठा भाग आधाराविना राहतो. वजनदार माणूस आणि खड्ड्यांचे रस्ते असले की तो वाकतो, कधी तुटतोही. शिमानो कंपनीच्या कॅसेटच्या हबमध्ये ते बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतं. आणि सिंहगडाच्या घाटात मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीला 28 दात आहेत की 34, हे गुडघ्यांना लगेच समजतं.

मापं मात्र आधी जुळवायला हवीत. फ्रेममध्ये मागचं चाक बसतं तिथलं अंतर दोन्ही सायकलींत 135 मिमी हवं, चाकं एकाच मापाची हवीत. 26 इंची चाक 700सी या मोठ्या चाकाच्या फ्रेममध्ये घातलं तर व्ही-ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचत नाहीत.

राहिली नासाडी. हीच मापं जुळत असल्यामुळे माझ्या सायकलीचं जुनं चाक, शिफ्टर आणि डिरेलर त्या दुसऱ्या फ्रेमवर चढतात. अदलाबदल झाल्यावर दोन्ही सायकली चालत्याच राहतात. दुसरी गावात रोज फिरवण्यासाठी उत्तम, आणि ती नव्या मालकाला देताना मूळ बिल सोबत द्यायचं. फ्रेम भंगारात घालून फक्त भाग ठेवणाऱ्यांवर तुमचा राग असेल, तर माझाही आहे.

तुमच्या सायकलीला 8 गिअरची शिमानोची कॅसेट आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग तुम्ही दुसरी सायकल घेऊच नका. त्याच हबवर 9 गिअरची कॅसेट बसते. शिफ्टर, कॅसेट आणि चेन एवढंच सुटं आणा. मागचा डिरेलरही शिमानोचाच असेल तर बहुधा आहे तोच चालेल.