काकू, चिल!

सकाळी 8 वाजता सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला. आमच्या बी विंगमधल्या पोराची नवी कोरी फोर बाय फोर, नागला बंदरच्या बाजूला खाडीकाठच्या चिखलात रुतलेला एक छोटा हत्ती टेम्पो आणि दोघांच्या मध्ये ताडपत्री बांधायची नायलॉनची दोरी. पोरगं गाडी मागे घेतं, दोरीला ढील देतं आणि मग सुसाट पुढे. तिसऱ्या झटक्याला टेम्पो बाहेर. दोरीच्या कडेला सात-आठ जण मोबाईल धरून उभे, त्यात एक दुसरी-तिसरीतली मुलगी. खाली टाळ्याच टाळ्या. "देवमाणूस." "ठाण्याचा वाघ."

मी लिहिलं, अरे, गाडीच्या मागच्या ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोरी अडकवून असं कधीही ओढू नये. उत्तर आलं, "काकू, चिल."

बरं. ग्रुपवर झाले चिल. ही भिंत माझी आहे.

माझ्या चपलांच्या कपाटावर एक लोखंडी हुक आहे. घरी आलेला प्रत्येक जण विचारतो, हे काय? 2009 चा जून, मुरबाडजवळ मामाचं शेत. शेजाऱ्यांचा खताच्या गोण्या भरलेला टेम्पो बांधाखाली रुतला होता. मामाची एमएम 540 जीप, पोलादी तार, तारेच्या टोकाला हा हुक. ओढताना तार तुटली आणि हुक उडून जीपच्या बाजूच्या फणसाच्या खोडात घुसला. मामा तिथेच उभा होता. त्याच क्षणी चिखलात अडकलेली चप्पल काढायला वाकला म्हणून आज आहे. तार तुटल्याची ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल.

तर तो मागचा गोळा. तो ट्रेलरसाठी असतो. ट्रेलरचं वजन वरून पेलायचं आणि गाडीच्या मागे निमूट यायचं, एवढंच त्याचं काम. रुतलेल्या गाडीचा झटका त्याच्या नशिबी नाही. मान तुटली की तो गोळा दोरीसकट उडतो, आणि ज्या दिशेला उडतो तिकडे काच असते नाहीतर माणूस. ओढायला गाडीच्या चासीला पक्का बसवलेला हुक लागतो, नाहीतर शॅकल, म्हणजे पिनेची लोखंडी कडी, अडकवायची जागा. बंपर नव्हे, गोळा तर नाहीच. आणि मागे येऊन धाव घेऊन ओढायचं असेल तर त्यासाठी खास ताणली जाणारी दोरी मिळते. ती रबरासारखी लांबते आणि टेम्पोला हळूहळू उचलते. साध्या दोरीने किंवा तारेने तसला झटका दिला की तो जातो थेट लोखंडाला. बारा-पंधरा लाखांची गाडी घेतली आणि दोरीला पैसे नाहीत! छतावरच्या लाइटच्या पट्टीला मात्र आहेत.

माणसं उभी करायची तर दोरीच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि दोरीच्या रेषेत कोणी नको. मधोमध दोरीवर जुनी गोधडी किंवा ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटली तरी उसळी मंदावते. आणि ओढण्याआधी फावडं घ्या हो! चाकापुढचा चिखल काढा, टायरची हवा कमी करा, चिखलात 18-20 पीएसआय चालते, बाहेर आलात की पंप लावून परत भरा. निम्म्या वेळा दोरीची गरजच पडत नाही. पण फावड्याचा व्हिडिओ चांगला येत नाही ना.

(कांदळवनाजवळ टेम्पो गेलाच कसा, हा विषय आज काढत नाही. बीपी वाढतो.)

एक ज्येष्ठ काका म्हणाले, 26 जुलै 2005 ला कोणी शॅकल शोधत बसलं नव्हतं, लोकांनी साड्या बांधून माणसं काढली. बरोबर, काका. तो दिवस वेगळा होता. हा रविवार होता.

आणि हो, पोराने मदत केली, पैसे घेतले नाहीत, क्रेनवाला तासन्‌तास आला नसता. मान्य.

पण हेच पोर गेल्या महिन्यात माळशेजला निघालं तेव्हा पार्किंगमध्ये पाहिलं होतं. छतावर तंबू, बॅगा, एक टायर आणि पाण्याचे 20 लिटरचे 2 कॅन. नुसतं पाणीच 40 किलो, तेही सगळ्यात वर! आधीच उंच गाडी, त्यात डोक्यावर हंडा. आडव्या उतारावर ती कलली की फोर व्हील काय करणार? पाणी खाली, सीटच्या मागे, पट्टा बांधून. घाट उतरताना खालचा गिअर, ब्रेक कमी, आणि क्लच दाबून गाडी सोडायची नाही. घोडबंदर रोडच्या कोरड्या काँक्रीटवर फोर एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकून "ग्रिप येते" म्हणणारे महाभागही आपल्याच पार्किंगमध्ये आहेत. अशा गाडीत कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मार खातो गिअरबॉक्स. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून ब्रेक काही दुप्पट होत नाहीत. ब्रेक अल्टोलाही चारच चाकांना आहेत.

मी इतकी का चिडलेय, हे लिहिताना थांबले. चहा केला. मग परत तो व्हिडिओ लावला. दोरी ढिली पडते, गाडी मागे येते, इंजिन ओरडतं.

तार तुटली नव्हती.

जीप मी चालवत होते. मामा म्हणत होता, "हळूच ताण दे, पोरी, हळूच." दोनदा हळूच दिला, टेम्पो हलला नाही. बांधावर सगळे भाचे-पुतणे बघत होते, आणि ठाण्याहून आलेली, जीप चालवणारी मी एकटी मुलगी. मी मामाला न विचारता जीप मागे घेतली आणि पाय पूर्ण दाबला. टेम्पोच्या पुढची पट्टी बोल्टसकट उपटली आणि हुक सुटून आला. तार शाबूत होती. संध्याकाळी मामाने ती गुंडाळून मांडवात टांगली, मी पाहिलंय. कोणाला काही बोलला नाही. मला एवढंच म्हणाला, "जा, चहा टाक." दुसऱ्या दिवशी तार तुटली असं मीच सांगायला सुरुवात केली आणि त्याने ते कधी खोडलं नाही.

फणसाची ती खाच आता वर चढल्यासारखी वाटते. झाडं खालून वाढत नाहीत म्हणे, मग मीच खाली गेले असेन.

तर बी विंगमधल्या बाळा, "काकू, चिल" म्हणालास त्याचा राग थोडा उतरलाय, सगळा नाही. ती दोरी माझ्याकडे आणून दे, कपडे वाळत घालायला होईल. रविवारी 7 वाजता पार्किंगमध्ये ये, गाडी घेऊन. तुझ्या गाडीला ओढायचा खरा हुक कुठे आहे, ते आपण पुस्तिकेत बघून शोधू. आईकडून एक जुनी गोधडी माग.

हुक मी खाली घेऊन येते. हातात घेऊन बघ, दीड किलो आहे.