साथ लोकांना आधी कळते, कागदावर नंतर का येते? कट्ट्यावर झालेला वाद

सुरुवात लॅबवाल्यानं केली. आमच्यातला हा पॅथॉलॉजी लॅब चालवतो म्हणून नावच पडलंय लॅबवाला. पावसाळा लागला की त्याच्याकडे तापाच्या पेशंटची गर्दी होते, आणि परवा तो आला तोच तापलेला, म्हणे एका रस्त्यावरच्या दोन-तीन सोसायट्यांतून डेंग्यूचे पॉझिटिव्ह सारखे येतायत आणि पेपरात अख्ख्या शहराचा म्हणून जो आकडा छापलाय तो माझ्या एकट्याच्या लॅबपेक्षा कमी आहे, मग बाकीचे पेशंट गेले कुठे?

डॉक्टर म्हणाला अरे कारण माहितीय तुला. तू झटपट निकालाची कार्ड टेस्ट करतोस, सरकारी हिशोबात डेंग्यू पक्का धरतात तो एलायझावर, म्हणजे लॅबमधल्या जास्त वेळ लागणाऱ्या रक्ततपासणीवर. कार्डवर पॉझिटिव्ह आला तो संशयित.

"मग संशयित म्हणून तरी मोजा ना! एलायझाचा रिपोर्ट येईपर्यंत त्या सोसायटीच्या टाकीत डासाची पुढची पिढी तयार होते. मी कुठं म्हणतोय सगळे पक्के धरा, मी म्हणतोय एका गल्लीतून आठ जण आले तर त्या गल्लीत माणूस पाठवा, भांडी-टाक्या-कुंड्या बघा, अळ्या मारायचं अबेट टाका. त्याला कशाला एलायझा पाहिजे?"

यात त्याचं शंभर टक्के बरोबर आहे असं माझं मत. पेशंटचं निदान पक्कं करणं वेगळं आणि साथीचा वास येणं वेगळं. आपल्याकडे दोन्हीची गल्लत होते, आणि पक्कं व्हायची वाट बघण्यात जे दिवस जातात तेच नेमके कामाचे असतात. नंतर मग धुराची गाडी फिरते, लोकांना वाटतं काम झालं. धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, आठवड्यात पुन्हा तेच.

मास्तर मात्र अडून बसला. तो शाळेत आहे, त्यामुळे पालकांची घबराट त्यानं जवळून बघितलीय. त्याचं म्हणणं असं की संशयितांचे आकडे रोज बाहेर यायला लागले तर लोक आधी घाबरणार, मग त्या गल्लीतल्या पोरांना शाळेत घेऊ नका म्हणणार, दुकानं बसणार, सोयरीक मोडणार, आणि शेवटी निघणार साधा व्हायरल. "१९९४ चं सुरत आठव. प्लेगचं नाव निघालं आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीनं पळाले. माहिती देताना विचार करून द्यावी लागते बाबा."

मी म्हटलं मास्तर, सुरतचंच उदाहरण घेतोस तर थोडं मागे जा. त्याच्या आधी बीड जिल्ह्यात मामला गावात काय झालं? १९९३ चा किल्लारीचा भूकंप होऊन गेलेला, लोक पडक्या घरात राहायला घाबरत होते, घरात धान्य तसंच, उंदीर वाढले. ऑगस्ट ९४ मध्ये गावातले लोक पिसवांचा त्रास सांगायला लागले, उंदीर मरायला लागले, आणि त्यानंतर माणसांना गाठी आल्या. म्हणजे गावाला आधी दिसत होतं. सुरतेत लोक पळाले ते माहिती मिळाली म्हणून नाही, कुणावर विश्वास ठेवावा तेच कळेना म्हणून. अफवा पुढं, सरकारी खुलासा मागं. त्या धक्क्यानंतर देशात रोगसर्वेक्षणाची नीट व्यवस्था पाहिजे हे मान्य झालं, २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला, आणि २०२१ पासून त्याचं आयएचआयपी नावाचं ऑनलाइन पोर्टल देशभर झालं. तेव्हा व्यवस्था नाही असं कुणी म्हणू नये. व्यवस्था आहे. सिस्टर एस फॉर्म भरते लक्षणांचा, मेडिकल ऑफिसर पी फॉर्म भरतो निदानाचा, लॅबचा एल फॉर्म. पूर्वी आठवड्याला कागद जायचा, आता रोज मोबाईलवर.

लॅबवाला म्हणाला आणि खाजगीवाले? आपल्याकडे ताप आला की माणूस आधी कुठं जातो?

हा खरा मुद्दा आणि इथून चर्चा जरा गंभीर झाली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातापायातली ताकद अचानक जाते त्या गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट निघाले, दोनशेच्या वर गेला संशयितांचा आकडा. हे आधी कुणाच्या लक्षात आलं? मोठ्या खाजगी हॉस्पिटलांतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या, कारण वर्षभरात मोजके दिसणारे पेशंट एका झटक्यात भरती व्हायला लागले. मग एनआयव्हीनं, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं नमुने तपासले, काहींच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जिवाणू सापडला, पाण्यावर संशय गेला, विहीर तपासली, खाजगी आरओ प्लांट तपासले.

पण डॉक्टरनं जे सांगितलं त्यावर सगळे गप्प झाले. तो म्हणाला जीबीएस हा काही एकाचा दुसऱ्याला होत नाही, आधी जुलाब होतात, ते बरे होतात, आणि एक-दोन-तीन आठवड्यांनी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. आणि कॅम्पायलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारातल्या एकाला असं होतं असं आमच्या पुस्तकात असतं. "आता तू उलटा हिशोब कर. इतक्या लोकांचे पाय गळाले तर त्याच्या आधीच्या महिन्यात त्या भागात जुलाब किती जणांना झाले असतील? ते सगळे माझ्यासारख्याकडे आले असणार, गोळ्या घेऊन घरी गेले असणार. कुणी मोजले? जुलाबाची साथ नजरेतून सुटली म्हणून जीबीएस दिसला."

मास्तर म्हणाला मग तू का नाही कळवत रोज?

डॉक्टर चिडला नाही. म्हणाला कळवलं होतं एकदा, दुसरीकडं प्रॅक्टिस करत होतो तेव्हा, एका वस्तीतून कावीळ जास्त येतेय म्हणून स्वतः फोन केला. दुसऱ्या दिवशी एकाचा फोन आला, तुम्ही घबराट पसरवताय, लेखी द्या, तुमच्या पेशंटचे सगळे रिपोर्ट घेऊन या, रजिस्टर दाखवा. पाण्याचं काय झालं ते मला आजतागायत कुणी सांगितलं नाही. "त्यानंतर मी कशाला फोन करू?"

मग तोच पोलिओवर आला आणि मला वाटतं सगळ्या चर्चेतलं कामाचं ते हेच. १९९७ पासून देशात एएफपी सर्व्हेलन्स चालू झाला. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही पोराचा हात-पाय अचानक लुळा पडला की कळवायचं, कारण काही का असेना. पोलिओ आहे की नाही हे ठरवणं डॉक्टरचं काम नाही, लुळेपणा दिसला की झालं. मग चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने, चौदा दिवसांच्या आत, थंड पेटीतून लॅबला. लहान पोरांचा जीबीएससुद्धा याच जाळ्यात येतो, कारण तोही लुळेपणाच. आणि कळवणारे कोण, तर नुसते सरकारी दवाखाने नाहीत, खाजगी बालरोगतज्ज्ञ, छोटे दवाखाने, वैदू, मांत्रिकसुद्धा, कारण पोराचा पाय गळाला की आई आधी कुठं नेते हे त्या लोकांनी ओळखलं होतं. आणि केस नसेल तरी अहवाल द्यायचा, निरंक म्हणून. डॉक्टर म्हणाला, मी शिकत असताना आमच्या सरांकडे माणूस ठरल्या दिवशी यायचा म्हणजे यायचा, सर काही आहे का, नाही, बरं सही करा. केस कळवली तर तिचा निकाल पण सांगायचा. "इतकी वर्षं तो माणूस आला म्हणून आपण १३ जानेवारी २०११ ही शेवटच्या केसची तारीख सांगू शकतो, आणि २०१४ मध्ये सर्टिफिकेट मिळालं. याच देशात, याच खाजगी डॉक्टरांकडून झालं ते."

मी म्हटलं म्हणजे सक्ती नाही, पाठपुरावा. लॅबवाला म्हणाला दोन्ही. टीबी कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, खाजगी डॉक्टरला केस कळवल्याचे पाचशे रुपये पण मिळतात आता, तरी नुसत्या नियमावर किती काळ गेला बघ.

इतका वेळ ताई ऐकत होती. ताई म्हणजे आमच्या वर्गमित्राची मोठी बहीण, आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक आहे, मीटिंग संपवून भावाला न्यायला आली आणि बसली. ती म्हणाली तुम्ही सगळे शहराचं बोलताय, गावात काय होतं ते सांगू का? गावात साथ लपत नाही रे, आशाला पहिल्याच दिवशी कळतं कुणाच्या घरात उलट्या चालू आहेत, तिला कोण सांगायला लागतं? प्रश्न पुढचा आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पाण्यावरून कार्ड मिळतं, लाल, पिवळं, हिरवं. पाच वर्षं हिरवं राहिलं आणि पाण्यातून साथ झाली नाही तर चंदेरी. चांगली कल्पना आहे, मी नावं ठेवत नाही, पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर वेळेवर पडावी, क्लोरीन बघायची ओटी टेस्ट रोज व्हावी म्हणूनच आहे ती. पण चौथ्या वर्षी एका वाडीवर बारा जणांना जुलाब लागले तर आशावर दबाव कुणाचा येतो? सरपंच म्हणतो लगेच लिहू नका, ग्रामसेवक म्हणतो लग्नातलं जेवण बाधलं असेल, पाण्याचं नाव घेऊ नका. आणि तिनं लिहिलं तर पहिला प्रश्न तिलाच, तुझ्या भागात साथ कशी झाली? तू काय करत होतीस?

"सांगणारीलाच जाब. मग निरंक लिहिते ती. मीही तिच्या जागी असते तर दहा वेळा विचार केला असता."

मास्तर म्हणाला ताई पण मग कार्ड द्यायचंच नाही का? ताई म्हणाली द्या की, पण साथ झाली नाही म्हणून देऊ नका, साथ झाल्यावर किती तासात कळवलं, किती तासात पाणी बंद करून टँकर लावला, नळाला क्लोरीन किती होतं, यावर द्या. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पाहिजे, ते मोजता येतं, त्याला गावाच्या नशिबावर सोडायची गरज नाही.

हे मला इतकं पटलं की मी तिथंच म्हटलं हे लिहिणार. कारण हीच गोष्ट राज्यांच्या बाबतीत होते. निपाह हा जीवघेणा विषाणू बघा. २००१ मध्ये पश्चिम बंगालात सिलिगुडीत माणसं मेली, हॉस्पिटलातले कर्मचारी, पेशंटला भेटायला आलेले लोक यांना लागण झाली, आणि तो निपाह होता हे कळायला काही वर्षं गेली, साठवलेले नमुने तपासल्यावर. २०१८ मध्ये केरळात कोळिकोडला एका घरातला एक जण आधीच गेलेला, त्याच घरातला दुसरा तसाच आजारी आला आणि खाजगी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना शंका आली, नमुना मणिपालच्या लॅबला गेला, पुण्यात एनआयव्हीनं शिक्कामोर्तब केलं, आणि सरकारनं लपवलं नाही, संपर्कातले लोक शोधून घरात थांबवले. लिनी पुथुसेरी ही नर्स त्यात गेली. किंमत मोजावी लागलीच, पण दुसऱ्या पेशंटला साथ पकडली गेली. आणि तरी दर वेळी केरळात केस निघाली की आपल्याकडे लोक म्हणतात, तिकडंच कसं सगळं होतं? अरे तिकडं शोधतात म्हणून सापडतं! आपल्याच पुरंदर तालुक्यात बेलसरला २०२१ मध्ये तापाची साथ होती, नमुने एनआयव्हीला गेले, बहुतेक चिकनगुनिया निघाला आणि त्यातच राज्यातली झिकाची पहिली केस सापडली. नमुने पाठवलेच नसते तर बेलसर 'स्वच्छ' राहिलं असतं कागदावर.

मास्तर तरी पूर्ण मानला नाही, आणि त्याचं एक म्हणणं मी खोडू शकलो नाही. तो म्हणाला आकडे बाहेर द्या पण माणूस बाहेर देऊ नका, कोविडमध्ये घरावर कागद चिकटवले, तेव्हापासून लोक दवाखान्यात खोटा पत्ता सांगतात, आणि पत्ताच खोटा असेल तर तुमची गल्ली सापडणार कशी? लॅबवाला म्हणाला हे खरंय, माझ्याकडे फॉर्मवर नुसतं शहराचं नाव लिहून जातात. मग अर्धा तास यावरच, की सोसायटीचं नाव सांगायचं की वॉर्ड सांगायचा, चेअरमनला आधी सांगायचं की नगरपालिकेला, आणि यावर एकमत काही झालं नाही. मला वाटतं पाण्याची साथ असेल तर जागा सांगितलीच पाहिजे, विहीर कुठली, टाकी कुठली, लोकांना ते पाणी टाळता आलं पाहिजे. माणसाचं नाव कुणालाच नको. मास्तर म्हणतो जागा सांगितली की नाव आपोआप कळतं.

निघताना ताईनं डॉक्टरला विचारलं, तुझ्याकडे दिवसाला किती जुलाबाचे येतात ते लिहितोस का? तो म्हणाला केसपेपरवर असतं, वेगळं नाही लिहीत. ती म्हणाली उद्यापासून एका वहीत वस्तीचं नाव आणि आकडा एवढंच लिही, नाव नको वय नको, दर शनिवारी मी फोन करीन, शून्य असेल तरी करीन. आणि तालुक्याला मी पोचवलं की त्याचं पुढं काय झालं ते पण तुला सांगीन, नाही झालं तर नाही झालं म्हणून सांगीन. लॅबवाला म्हणाला मग माझा पण नंबर घे, कार्ड टेस्टचे आकडे मी देतो, तुझ्या पोर्टलात बसत नसले तरी घे.

ताईनं घेतला नंबर. मास्तर म्हणाला शाळेतल्या गैरहजेरीचा आकडा चालेल का, एका वर्गातली सात पोरं तापानं घरी असली की मला हजेरीतच कळतं.