जुलै चुकला नाही, किनारा चुकला

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री ऑफिस बंद करताना वाचला, सकाळी पुन्हा वाचला. जुलैत तुम्ही चौघं आमच्यामार्फत श्रीलंकेत, दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाला गेलात. मुलाचे सर्फिंगचे पाच क्लास ठरले होते, झाले दोनच. "भर पावसाळ्यात पाठवलंत कशाला, आणि तिथला शिकवणारा कामचुकार," असं तुम्ही लिहिलंय.

चूक आमचीच आहे. पण नेमकी कुठली ते सांगतो, पुढे जाणाऱ्यांनाही उपयोग होईल.

जुलैत लंकेला जाणं चुकीचं नव्हतं, किनारा चुकीचा होता. आपल्याकडे इगतपुरीत छत्री टिकत नाही तेव्हा सिन्नरचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. लंकेतही तसंच. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला झोडपतात, मधल्या डोंगरांवर पाऊस टाकतात आणि पूर्वेकडे कोरडे होऊन उतरतात.

सर्फिंगची मोठी लाट मुळात या पावसाची नसते. ती दूर दक्षिणेला, हिंदी महासागरातल्या वादळांत उठते आणि हजारो किलोमीटर चालून येते. तिकडे हिवाळा असल्यामुळे याच महिन्यांत तिला जोर असतो. किनाऱ्यापाशी तिचं काय होणार, ते मात्र तिथला वारा ठरवतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे असला की लाट उभी राहते, गुळगुळीत होते, एका बाजूने सावकाश फुटत जाते. समुद्राकडून आला की ती अवेळीच कोसळते, पुढे नुसता फेस. तुम्ही टाकलेला तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला. माडाच्या सगळ्या झावळ्या रस्त्याकडे वळल्या आहेत. म्हणजे वारा थेट समुद्रावरून येत होता. तोच वारा बेट ओलांडून पूर्वेच्या अरुगम बेला पोचतो तेव्हा जमिनीकडून वाहतो. तिथला हंगाम म्हणूनच उन्हाळ्याच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत असतो.

त्या शिकवणाऱ्याला मात्र दोष देऊ नका, ही माझी विनंती. अशा पाण्यात नवख्या मुलाला न उतरवणं हेच त्याचं काम होतं. त्याने स्वतःचे क्लासचे पैसे बुडू दिले, पण मुलाला आत नेलं नाही.

आमच्याकडे झालं असं की डिसेंबरच्या एका ग्रुपचा कार्यक्रम तुमच्यासाठी फक्त तारखा बदलून वापरला गेला आणि मी तो न तपासता पुढे जाऊ दिला. आता आम्ही आधी महिना विचारतो, मग किनारा ठरवतो. बालीचंही तसंच आहे. एप्रिल ते ऑक्टोबर आग्नेयेचा वारा असतो तेव्हा पश्चिमेची कुटा, उलुवातूकडची बाजू चांगली. नोव्हेंबर ते मार्च वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पूर्वेकडचे सनूर, नुसा दुआ.

न झालेल्या तीन क्लासचे पैसे आणि आमचं पूर्ण सर्व्हिस चार्ज या आठवड्यात तुमच्या खात्यावर जमा करतो. मुलाने वर्षभर तलावावर पोहून तयारी केली होती, हे तुमच्या अभिप्रायातलं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. त्याची हौस अजून असेल तर ते तीन क्लास आमच्याकडून. फक्त दिवाळीच्या सुट्टीत नको. तेव्हा वारे फिरत असतात, लंकेत दोन्हीकडे पाऊस असतो. नाताळात जा. तेव्हा ईशान्येचा वारा असतो आणि वेलिगामाला तो जमिनीकडून येतो.