साडेतीन सीसीचं लोढणं

कोल्हापुरात दूध विकणं सोपं. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची. शंकेला जागाच नाही. माझा रिमोटवरचा नायट्रो ट्रक विकायला काढला तेव्हा मला त्या म्हशीचा फार हेवा वाटला.

ट्रक हातभर लांब, पण इंजिन खरं, 3.5 सीसीचं. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात 20 टक्के नायट्रोमिथेन आणि तेल. ॲल्युमिनियमचे शॉकॲब्सॉर्बर, ट्यून पाइप म्हणजे धुराचा खास पाइप, चाकं वळवणारा मेटल गिअरचा सर्वो हे सगळं मी बायकोच्या नकळत एकेक करून बसवलेलं. जाहिरातीत हौसेनं यादी दिली, किमतींसकट. ती सगळ्यात आधी बायकोनं वाचली. त्या संध्याकाळबद्दल जास्त लिहीत नाही.

पहिला फोन आला. "ॲव्हरेज किती?"

"सव्वाशे मिलीची टाकी आठ-दहा मिनिटांत संपते."

"मग आमची बुलेट बरी की."

दुसऱ्याला पेट्रोल टाकून चालवायचा होता. तिसरा म्हणाला, "बदल्यात बकरं चालंल का?" बायको आतून "चालेल!" म्हणाली. तांबडा-पांढरा दोन्ही निघाला असता, हे मलाही दोन मिनिटं पटलं होतं. चौथ्यानं यादी नीट वाचली आणि सुस्कारा सोडला, "म्हंजी ओरिजिनल काहीच न्हाई?" ज्या बदलांपायी माझा खिसा फाटला, त्यांच्यामुळंच भाव पडत होता. ओरिजिनल पार्ट बुटांच्या खोक्यात जपून ठेवलेत म्हटल्यावर तो म्हणाला, "मग ते बसवा आन् सांगा किती ते."

शेवटी उद्यमनगरातले एक मिस्त्री आले, पोरासाठी. रिमोटकडं बघितलंही नाही. अंगठ्यानं फ्लायव्हील फिरवलं, डोळे मिटले. "रिंगा न्हाईत ह्याला."

पिस्टनला रिंगा अशा इंजिनात नसतातच. स्लीव्ह, म्हणजे पिस्टनभोवतीची नळी, वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, तिथं थंड पिस्टन घट्ट अडतो.

"वर अडतंय," ते म्हणाले. "जीव हाय अजून." चार वर्षांत माझ्या ट्रकला कुणी इतकं ओळखलं नव्हतं.

चाचणी गांधी मैदानात. इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगला तापवायला दीड व्होल्टचा इग्नायटर लावला आणि दोरी ओढू लागलो. कोल्हापुरात वाकून काहीतरी ओढणारा माणूस दिसला की भोवती वीस मेकॅनिक जमतात. "प्लग ओला झालाय." "चोक द्या." "स्कूटरसारखी तिरकी करा हो!" सत्ताविसाव्या झटक्याला दंडाचा गोळा खांद्यात गेला आणि इंजिन किंचाळलं. निळा धूर, पोरांच्या शिट्ट्या, आणि मिस्त्रींच्या पोराच्या हातात रिमोट. त्यानं थ्रॉटल पूर्ण दाबला. ट्रक सरळ जाऊन कट्ट्यावर आदळला, पुढचं चाक धरणारा आर्म मोडला.

गर्दी हळहळली. मी मात्र खुलून खोकं उघडलं. स्पेअरचे दोन आर्म होते. त्यातला एक सगळ्यांदेखत पाच मिनिटांत बसवला. मिस्त्रींनी मान डोलावली, चष्मा लावला आणि माझी यादी काढली.

"साहेब, हितं दोन आर्म लिवल्यात."

"होय."

"खोक्यात तर एकच दिसतोय. त्येवढं कमी करा."

मी कमी केलं. घरी आलो तर बायको दारातच उभी.

"त्या बकऱ्यावाल्याचा नंबर आहे का अजून?"