हात धरून बसायच्या म्हणे!

"पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश व्हीएडी मुली म्हणजे श्रीमंतांच्या लाडक्या लेकी, हौस म्हणून पांढरा एप्रन घालून सैनिकांचे हात धरून बसायच्या, जिवाला धोका शून्य, वर बक्षीस म्हणून मतदानाचा हक्क." ही पोस्ट जो तो फॉरवर्ड करतोय, म्हणून लिहितेय. व्हीएडी म्हणजे व्हॉलंटरी एड डिटॅचमेंट, हॉस्पिटलात नर्सेसच्या मदतीला आलेल्या स्वयंसेविका.

श्रीमंतीचं बऱ्यापैकी खरंय. सुरुवातीला पगारच नव्हता, मग घरचं बरं असलेल्याच येणार ना, नंतर मिलिटरी हॉस्पिटलात पैसे मिळायला लागले ते वर्षाला २० पौंड. पण घरी नोकरचाकर असलेल्या या मुली वॉर्डात फरशी पुसत होत्या, बेडपॅन धूत होत्या.

आणि हात धरायला वेळ कुठून आणणार? पेनिसिलिन सापडलं १९२८ ला, म्हणजे जखम चिघळली तर तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. फ्रान्स-बेल्जियमच्या खत घातलेल्या शेतांत खंदक खणलेले, ती माती गोळीबरोबर जखमेत जायची की गॅस गँगरीन, म्हणजे मातीतल्या जंतूंनी मांस सडायचं. मग जखम उघडी ठेवून आत रबरी नळ्या घालायच्या आणि दर दोनेक तासांनी डाकिनचं सोल्युशन (क्लोरीनचं जंतुनाशक) सोडायचं, रात्रीसुद्धा. पट्टी मांसाला चिकटून बसलेली असते, ती ओढून चालत नाही, भिजवत भिजवत इंच इंच सोडवायची, आणि समोरचा पोरगा दात आवळून छताकडे बघत असतो. ज्याने कुणी असलं ड्रेसिंग एकदा तरी सोडवलंय तो "हौस" हा शब्द वापरणारच नाही.

धोका शून्य? नर्सच्या बोटाला साधी चीर पडली तरी त्यात पू व्हायचा. फ्रान्समध्ये एताप्लला मे १९१८ मध्ये हॉस्पिटलांवर बॉम्ब पडले, पेशंटबरोबर नर्सेसही गेल्या. त्याच वर्षी फ्लूची साथ.

आणि घरचं दुःख वेगळंच. पुढे लेखिका झालेली व्हेरा ब्रिटन ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून व्हीएडी झालेली, १९१५ च्या नाताळात होणारा नवरा रजेवर येणार म्हणून ब्रायटनच्या हॉटेलात वाट बघत होती, २६ डिसेंबरला फोन आला तो तीन दिवसांपूर्वीच गेल्याचा. पुढे त्याचे कपडे घरी परत आले, चिखलाने आणि रक्ताने माखलेले. तरी ती वॉर्डात परत गेली, नंतर माल्टाला, मग एताप्लला, तिथे तर जखमी जर्मन कैद्यांची शुश्रूषा केली. जून १९१८ मध्ये भाऊही गेला.

राहिला मतदानाचा हक्क. १९१८ च्या कायद्यात बायकांना वयाची अट ३० ची, वर स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या मालमत्तेची अट. व्हेरा तेव्हा २४ ची होती. पुरुषांसारखं २१ व्या वर्षी मत मिळायला १९२८ उजाडलं.