ताडपत्री कुणाकडं आहे?

नवी पिकअप घेताना शोरूममधला पोरगा सीटकव्हर दाखवतो, टेप दाखवतो, मागचा कॅमेरा दाखवतो. ताडपत्री, दोर, ग्रीसगन आणि टायरच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या त्याच्या यादीत नसतात. मालाची गाडी तर यांच्यावरच चालते. सीटकव्हर मात्र जन्मभर गाडीतच राहतं, कारण ते कुणाला मागता येत नाही.

आमची बोलेरो पिकअप कागदावर माझ्या नावावर आहे आणि हप्ताही मीच भरतो. एवढा भाग सोडला तर ती आळीची आहे. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात ‘गाडी देता का’ असं विचारायची लोकांना अजून लाज वाटते, पण ‘ताडपत्री देता का’ यात लाजण्यासारखं काय आहे?

ताडपत्री घेताना मी चौकशी करून, २५० जीएसएमची, कडेला पितळी रिंगा ठोकलेली घेतली. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन. आकडा जेवढा मोठा तेवढी ती टिकाऊ आणि घडी घालायला तेवढीच जीवघेणी. “उन्हातान्हात वर्षानुवर्षं बघायला नको,” असं दुकानदार म्हणाला. मला खरंच बघायला मिळाली नाही. आधी ती शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कुरडयांखाली गेली, तिथून कुणाच्या तरी कांदा साठवायच्या बराखीवर. पुढं एकाच आठवड्यात तिनं एक साखरपुडा आणि एक दशक्रिया पार पाडली. दोन्हीकडं मी हजर होतो. मान वर करून तिला ओळख दाखवली, एवढंच.

दोराची तऱ्हा वेगळी. तो विहिरीतली मोटर काढायला जातो आणि परत येतो, पण आखूड होऊन. उरलेला कुठं गेला हे विचारायचं नसतं. विचारलं की समोरचा दुखावतो आणि पुढच्या वेळी दोर मागायला बायकोला पाठवतो.

खरी परीक्षा टोमॅटोच्या हंगामात. माल भरायला लागलं की आमच्या अंगणात तज्ज्ञ जमतात. फाळक्याची, म्हणजे मागच्या झडपेची, खिट्टी नीट बसली का, दोर आधी डावीकडून की उजवीकडून, वरच्या क्रेटच्या कडेला दोर काचू नये म्हणून खाली टायरचा तुकडा घालायचा की पोतं, या एकेका मुद्द्यावर मतदान होतं. दोर बांधणारा मी एकटाच.

यात तात्या सगळ्यांत वरचे. गाडी पास आहे १.७ टनाला, भरलेला क्रेट वीस किलोच्या वर जातो, म्हणजे ऐंशीच्या आसपास थांबलं पाहिजे. तात्यांच्या मते वजन फक्त क्रेटचं धरायचं. टोमॅटो काय, आज आहेत उद्या नाहीत.

“अजून एक थर बसतोय की!”

“तात्या, ओव्हरलोडला वीस हजार दंड आहे. वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.”

“मग टन कशाला, अर्धाच टाक.”

आणि अशा वेळी आभाळ भरून येतं. ताडपत्री कुणाकडं आहे, याचा शोध सुरू होतो. काकू म्हणतात बराखीवाल्याकडं, बराखीवाला म्हणतो मंडपात, मंडपवाला लग्नाला गेलेला. शेवटी कुणीतरी मागच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणून देतो. एका भावी आमदारांचा हात जोडलेला अख्खा फोटो मी टोमॅटोवर पसरतो आणि कल्याणच्या वाटेला लागतो.

माळशेज घाटात पावसाळ्यात धुकं, वारा आणि डोंगरावरून थेट रस्त्यावर पडणारं पाणी, हे सगळं एकदम भेटतं. फ्लेक्सला रिंगा नसतात. भोक पाडून दोर ओवला की पहिल्या वळणालाच ते फाटत जातं. आरशात बघावं तर साहेब आडवे होऊन हात हलवतायत. बोगद्याजवळ थांबून मी साहेबांना नाकातून दोर ओवला. चहाच्या टपरीवरच्या माणसानं ते शांतपणे बघितलं आणि “आमच्याकडचेपण असेच आहेत,” म्हणाला.

परत आल्यावर धुणं. फुटलेल्या टोमॅटोचा रस हौद्याच्या कोपऱ्यात, वेल्डिंगच्या सांध्यात जाऊन बसतो आणि पत्रा खातो. खताची फेरी झाली असेल तर विचारूच नका. म्हणून आधी साधं पाणी, मग ब्रश, वाळल्यावर खरवडलेल्या जागी गंज धरू नये म्हणून रेडऑक्साइडचा हात. आमचा धुणारा वर गाडीच्या पोटाला डिझेल फवारायला बघतो. चकाकतं छान, पण रबरी बुश फुगून वाया जातात. हे त्याला सांगितलं की तो माझ्याकडं दयेनं बघतो आणि फवारतो.

यंदा मी नवी ताडपत्री घेतली आणि पेंटरकडून तिच्यावर हातभर अक्षरांत माझं नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतला. आता कुठंही असली तरी सापडेल, असा हिशेब. सापडली नाहीच, पण फोन सुरू झाले. परवा पलीकडच्या गावातून एकजण विचारत होता, “मंडपवालेच ना? लायटिंग धरून किती घ्याल?”

मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेल्या तात्यांनी फोन घेतला आणि तारीख विचारली. “घे की ऑर्डर,” मला म्हणाले, “गाडी तर आपलीच आहे.”