थ्रिलर, लोकल आणि तुमचे आक्षेप

नमस्कार. ‘प्रवासात मालिकेतलं पुस्तक नको, एकाच खंडात संपणारी थ्रिलर घ्या’ या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झाडलंय. तुमचं म्हणणं असं: रहस्य एका बैठकीत वाचायचं, ठाणे-वाशी लोकलमध्ये त्याचे तुकडे पाडायचे नाहीत. पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या नायकाची सर एकदाच भेटणाऱ्या पात्रांना नाही. आणि उलगडा झाला की असं पुस्तक रद्दीत!

आधी नायकाचं बोलू. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा सुशिंचा, म्हणजे सुहास शिरवळकरांचा, फिरोज इराणी हे मालिकांचे नायक मलाही आवडतात. पण अशा नायकावर पिस्तूल रोखलं गेलं म्हणून माझा श्वास कधी अडकला नाही. पुढचं पुस्तक कपाटात आहे ना! त्याचा विमा लेखकानेच उतरवलेला असतो. अगाथा ख्रिस्तीच्या हाताशी तिचा मालिकेतला गुप्तहेर प्वारो होता, तरी 1939च्या ‘अँड देन देअर वेअर नन’मध्ये, जिथे बेटावर अडकलेली माणसं एकेक करून मरतात, तिने त्याला त्या बेटाकडे फिरकू दिलं नाही. तो आला असता तर निदान एक माणूस वाचणार हे पहिल्याच पानावर कळलं असतं. (शेवट फोडला म्हणू नका, नावातच आहे.)

रद्दीचं म्हणाल, तर फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ 1971ची. त्यात एक भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला निघतो. खरे द गॉल त्याआधीच, 1970मध्ये, स्वतःच्या घरी वारले होते. म्हणजे मारेकऱ्याचा डाव फसणार हे वाचकाला विकत घेतानाच ठाऊक. तरी पुस्तक तुफान खपलं, कारण लोकांना तो कुठवर पोचतो आणि कसा, हे बघायचं होतं.

आता तुकडे. विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ 1859-60मध्ये साप्ताहिकातूनच आली. वाचक आठवडाभर ताटकळायचे. आपल्याला कोपरखैरण्याला उतरून फक्त संध्याकाळपर्यंत कळ काढायची असते. तो दिवस फुकट जात नाही हो. काम करता करता संशय एकावरून दुसऱ्यावर सरकतो, दुपारी जेवताना तिसऱ्यावर. एका बैठकीत फडशा पाडणाऱ्याला संशय घ्यायला सवडच कुठे मिळते?

सकाळच्या गर्दीबद्दल मात्र वाद नाही. पुस्तक धरायला एक हात मोकळा लागतो, तोच नसतो. ऐरोली-घणसोलीला ऑफिसवाले उतरेपर्यंत मीही पिशवी उघडत नाही.

तुकड्यांनी वाचताना खरा घोळ होतो तो नावांचा. मालिकेच्या चौथ्या भागात आधीच्या तीन भागांतले घटस्फोटित, फरार आणि तुरुंगातून सुटलेले सगळे हजेरी लावतात. रबाळ्यापर्यंत कोण कुणाचा मेहुणा हेच लावत बसायचं. त्यातून वाचनालयात तिसरा भाग नेमका कुणीतरी नेलेला. घरी, रविवारी, तुमची मालिका जरूर वाचेन. लोकलच्या पिशवीत नाही.

शेवटची वीस पानं उरली आणि स्टेशन आलं तर काय, असं तुम्ही खोचकपणे विचारलंय. उतरायचं, फलाटावरच्या बाकावर बसायचं आणि संपवायचं. फक्त वाशीला जायचं असेल तर पुस्तक उघडायच्या आधी गाडी पनवेलची नाही ना, ते बघून घ्या. तुर्भ्यानंतर ती नेरूळकडे वळते आणि थ्रिलर चांगली असेल तर ते तुमच्या लक्षातही येणार नाही.